घोड्यावरून पडताना हातात अर्धा सेकंद असतो: एअर व्हेस्ट कशी निवडायची?

(ऐकण्यापेक्षा वाचणं आवडणाऱ्यांसाठी हा या भागाचा लेखी मजकूर. बोलताना येणारे ‘म्हणजे’ आणि ‘अ‍ॅक्च्युअली’ जमतील तितके काढलेत. थोडे राहिले असतील, चालवून घ्या.)

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे की मी आठवड्याचे पाच दिवस कोड लिहिते आणि शनिवारी सकाळी पुण्याबाहेर घोड्यावर बसायला जाते. मागे एकदा बोलता बोलता मी एअर व्हेस्टचा उल्लेख केला, आणि त्यावर सगळ्यात जास्त व्हॉइस नोट्स आल्या. त्यातली एक नाशिकच्या एका ताईची. तिचं म्हणणं थोडक्यात असं: “मी थर्ड इयरला आहे. वर्षभर रायडिंग शिकतेय, आता छोट्या उड्या सुरू झाल्यात. आईची अट आहे की सेफ्टीचं सामान असेल तरच जंपिंग. इंटर्नशिपचे साठलेले पन्नासेक हजार आहेत. एअर व्हेस्ट घेऊ का, आणि कोणती?”

मी तिला उलट एकच प्रश्न विचारला: सध्या डोक्यावर काय घालतेस? उत्तर आलं, “भावाचं सायकलचं हेल्मेट.”

आजचा भाग त्या दोन मेसेजेसच्या मधल्या जागेबद्दल आहे. एअर व्हेस्ट काम कशी करते, कधी करत नाही, निवडताना काय बघायचं, आणि पैसे मोजकेच असतील तर कुठल्या क्रमाने खर्च करायचे.

आधी पडण्याचं गणित

घोड्याची उंची ‘हँड’मध्ये मोजतात. एक हँड म्हणजे ४ इंच. १६ हँडचा घोडा पाठीपाशी साधारण १.६ मीटर भरतो. तुम्ही खोगिरावर बसलात की तुमच्या छाती-पोटाचा भाग जमिनीपासून जवळपास २ मीटरवर असतो.

दोन मीटरवरून सरळ खाली पडलात तर जमिनीला टेकेपर्यंत सुमारे ०.६४ सेकंद लागतात. टेकताना वेग असतो ताशी २२-२३ किलोमीटर. घोडा पळत असेल तर त्याचा पुढचा वेग वेगळा, तो यात धरलेला नाही. एवढ्या वेळात माणूस फार तर “अरे!” म्हणतो.

आता दुसरा आकडा. पडल्यावर इजा होते ती थांबण्यामुळे. किती अंतरात थांबलो यावर सगळं अवलंबून असतं. समजा पाठ जमिनीवर आपटली आणि माती, कपडे, अंग असं सगळं मिळून २ सेंटीमीटर दबलं, तर शरीराला सरासरी १०० जीचा झटका बसतो. म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या १०० पट. तेच अंतर ५ सेंटीमीटर झालं तर झटका ४० जीवर येतो. हे कागदावरचं सोपं गणित आहे, खरं पडणं इतकं सरळ नसतं. पण फोमचा बॉडी प्रोटेक्टर असो की हवेची व्हेस्ट, दोघांचं काम एकच: थांबायला थोडं जास्त अंतर देणं आणि धक्का एका बरगडीवर न देता मोठ्या भागावर पसरवणं.

फोम ते अंतर कायम अंगावर घेऊन फिरतो. हवेची व्हेस्ट ते अंतर ऐन वेळी तयार करते. दोघांतला महत्त्वाचा फरक ‘ऐन वेळी’ या दोन शब्दांत आहे.

आत नेमकं काय होतं?

बाजारातल्या बहुतेक घोडेस्वारीच्या व्हेस्ट यांत्रिक आहेत. आत सेन्सर नाही, बॅटरी नाही. सायकलच्या ब्रेकइतकी साधी यंत्रणा आहे.

खोगिराला एक पट्टा बांधलेला असतो. त्या पट्ट्यापासून एक लवचीक दोरी तुमच्या व्हेस्टच्या पुढच्या बाजूला येऊन क्लिपने अडकते. व्हेस्टमध्ये दाबलेल्या कार्बन डायऑक्साइडचं एक छोटं कार्ट्रिज असतं, सोडा मशीनमध्ये असतं त्याचं मोठं भावंड. कार्ट्रिजच्या तोंडासमोर स्प्रिंगवर ताणून धरलेली एक टोकदार सुई असते, आणि त्या सुईला एका गोळीने किंवा पिनेने अडवून ठेवलेलं असतं. तुम्ही खोगिरापासून लांब फेकले गेलात की दोरी ताणली जाते, पिन निघते, सुई कार्ट्रिज फोडते आणि गॅस व्हेस्टच्या आतल्या पिशव्यांत शिरतो. दोरी त्याच क्षणी तुमच्यापासून सुटते, त्यामुळे घोडा पळाला तरी दोरीमुळे तुम्ही फरपटत जात नाही. काही वेळाने गॅस हळूहळू आपोआप निघून जातो.

ही कल्पना आली मोटरसायकलवरून. जपानच्या मुगेन डेन्को कंपनीने १९९०च्या दशकात मोटरसायकलवाल्यांसाठी ‘हिट-एअर’ आणली आणि पुढे तीच कल्पना घोडेस्वारांपर्यंत पोचली. आज फ्रान्सची ‘हेलाइट’ आणि ब्रिटनची ‘पॉइंट टू’ ही नावंही तुम्हाला सर्च केल्यावर दिसतील.

जाहिरातीत लिहिलेलं असतं: एक दशांश सेकंदात फुगते. बरं. पण घड्याळ सुरू कधी होतं? पिन निघाल्यावर. आणि पिन निघते दोरी पूर्ण ताणल्यावर. आता आपल्या ०.६४ सेकंदांचा हिशेब मांडू.

समजा तुम्ही ६० सेंटीमीटर खाली आल्यावर दोरी ताणली गेली. तोपर्यंत ०.३५ सेकंद संपले. उरले ०.२९. व्हेस्ट ०.१ सेकंदात फुगली तर ठीक, ०.२ लागले तरी जेमतेम वेळेत. आता समजा दोरी सैल ठेवली होती आणि ती ९० सेंटीमीटरवर ताणली गेली. गेले ०.४३ सेकंद, उरले ०.२१. व्हेस्टला ०.२ लागत असतील तर ती फुगेल आणि जमीन येईल, दोन्ही एकदमच.

आणि घोडा छोटा असेल तर? पोनीवर बसलेल्या मुलाचं अंग १.४ मीटरवर धरा. एकूण वेळच ०.५३ सेकंद. म्हणजे लहान मुलांसाठी दोरीची लांबी अजून काटेकोर हवी.

आम्ही ऑफिसात याला लेटन्सी म्हणतो. सर्व्हर कितीही फास्ट असू दे, रिक्वेस्ट उशिरा पोचली तर उत्तर उशिराच येणार. व्हेस्ट निवडताना लोक फुगण्याचा वेळ बघतात आणि दोरीकडे कुणी बघत नाही. खरं तर अर्धा वेळ दोरीच खाते.

कधी कधी ती वेळेवर फुगतच नाही

दोरी ताणली जायला तुम्ही आणि खोगीर एकमेकांपासून लांब जावं लागतं. घोड्याने बक मारला आणि तुम्ही बाजूला उडालात, उडीसमोर घोडा थांबला आणि तुम्ही एकटेच पुढे गेलात, तर ती छान काम करते. रोजच्या पडण्यातलं बरंचसं याच प्रकारचं असतं.

पण सगळ्यात भयानक पडणं वेगळं असतं. क्रॉस-कंट्रीमध्ये लाकडाचे पक्के अडथळे असतात, धक्का लागला तर पडत नाहीत. घोड्याचे पुढचे पाय त्यात अडकले की तो कोलांटी खातो आणि स्वारासकट उलटा येतो. याला रोटेशनल फॉल म्हणतात. इथे स्वार आणि खोगीर बराच वेळ सोबतच फिरतात, त्यामुळे दोरी उशिरा ताणली जाऊ शकते. आणि वरून येणारं वजन असतं ५०० किलोच्या आसपास. कुठलीही व्हेस्ट, हवेची असो की फोमची, अशा वजनाखाली गॅरंटी देऊ शकत नाही.

दुसरी मर्यादा मान आणि डोक्याची. ‘सुपरमॅन’ ख्रिस्तोफर रीव्ह १९९५ साली अमेरिकेत व्हर्जिनियातल्या कल्पेपर इथे इव्हेंटिंगच्या स्पर्धेत पडला. घोडा अडथळ्यासमोर थांबला आणि रीव्ह डोक्यावर आपटला. त्याने हेल्मेट घातलं होतं, संरक्षक व्हेस्टही घातली होती. तरी मानेचे वरचे मणके मोडले आणि उरलेलं आयुष्य व्हीलचेअरवर गेलं. आजच्या काही एअर व्हेस्टना मानेभोवती फुगणारी कॉलर असते, तिचा हेतू मान फार मागे किंवा बाजूला झुकू न देणं हा आहे. पण डोक्यावर सरळ येणारा भार कॉलर थांबवेल असं समजून कुणी उडी मारू नका.

एक अस्वस्थ करणारा अभ्यास

२०१० साली अमेरिकेतल्या केंटकीच्या मोठ्या स्पर्धेत ब्रिटिश स्वार ऑलिव्हर टाउनएंड फार वाईट पडला. अंगात एअर जॅकेट होतं. तो जखमी झाला पण वाचला, आणि त्याने त्याचं श्रेय जॅकेटलाही दिलं. त्यानंतर या जॅकेट्सची चर्चा खूप वाढली. मी त्याच्या जागी असते तर मीही तेच म्हटलं असतं. पण एक पडणं म्हणजे डेटा नाही.

मोठा डेटा पुढे आला. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघाच्या, म्हणजे एफईआयच्या नोंदी तपासल्या. २०१५ ते २०१७ या काळातल्या इव्हेंटिंगमधल्या पडण्याच्या १,८००हून अधिक नोंदी होत्या. अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. निकाल वाचून मी फोन खाली ठेवला आणि पुन्हा उचलून वाचला: फक्त नेहमीचा बॉडी प्रोटेक्टर घातलेल्यांच्या तुलनेत, त्यावर एअर जॅकेट घातलेल्यांमध्ये गंभीर किंवा जीवघेण्या दुखापतीचे ऑड्स सुमारे १.७ पट निघाले.

जास्त. कमी नाही.

आता थांबा, लगेच “एअर व्हेस्ट धोकादायक आहे” असा रील बनवू नका. हा मागे वळून पाहिलेल्या नोंदींचा अभ्यास आहे. तो संबंध दाखवतो, कारण सिद्ध करत नाही. कारणं अनेक असू शकतात. जास्त धोका घेणारे स्वारच ती व्हेस्ट जास्त वापरत असतील. व्हेस्ट आहे म्हणून माणूस थोडा जास्त धीट होत असेल, म्हणजे ज्या उडीला एरवी “आज नको” म्हटलं असतं तिला “जाऊ दे” म्हणत असेल. किंवा फुगलेल्या कडक व्हेस्टमुळे पडल्यावर अंग गोळा करून लोळणं अवघड होत असेल. यातलं काय किती खरं, हे तो आकडा एकटा सांगू शकत नाही.

पण मला त्यातून एक गोष्ट पक्की कळली. “एअर व्हेस्ट घातली म्हणजे सेफ” हे वाक्य पुराव्यावर उभं नाही. ती एक जादा थर आहे, विशिष्ट प्रकारच्या पडण्यात उपयोगी पडणारा. खालचे थर नसतील तर तिला टेकायला जागाच नाही. एफईआयच्या इव्हेंटिंगमध्ये क्रॉस-कंट्रीसाठी बॉडी प्रोटेक्टर सक्तीचा आहे, आणि एअर व्हेस्ट घालायची असेल तर ती त्याच्यावर. त्याच्याऐवजी नाही.

लेबल कसं वाचायचं?

फोमच्या बॉडी प्रोटेक्टरसाठी युरोपचं स्टँडर्ड आहे ईएन १३१५८. त्यात तीन लेव्हल. लेव्हल १ फक्त रेसमधल्या परवानाधारक जॉकींसाठी, कारण त्यांना वजन वाचवायचं असतं. लेव्हल २ कमी धोक्याच्या कामासाठी, त्यात उड्या मारणं किंवा नवशिक्यांचं रायडिंग येत नाही. लेव्हल ३ नेहमीच्या रायडिंगसाठी, स्पर्धांसाठी आणि घोड्यांसोबत काम करण्यासाठी. म्हणजे तुम्ही आणि मी थेट लेव्हल ३ बघायचं. ब्रिटनच्या बीटा या व्यापारी संघटनेचं लेबलही त्यावर असतं, २०१८ची आवृत्ती निळ्या रंगात. बीटाचा सल्ला असा की बॉडी प्रोटेक्टर ३ ते ५ वर्षांत बदलावा, कारण फोम दमतो.

एअर व्हेस्टचं लेबल जरा गोंधळाचं आहे. ईएन १६२१-४ हे नाव तुम्हाला दिसेल. ते मोटरसायकलवाल्यांच्या यांत्रिक एअरबॅगचं स्टँडर्ड आहे. घोडेस्वारीसाठी ब्रिटनच्या सात्रा या चाचणी संस्थेने एम३८ नावाचं वेगळं स्पेसिफिकेशन केलंय. म्हणून विक्रेत्याला सरळ विचारा: ही व्हेस्ट घोडेस्वारीसाठी बनवली आहे का, आणि कशावर टेस्ट झाली आहे? नुसतं “सीई मार्क आहे मॅडम” हे उत्तर पुरेसं नाही, सीई कशासाठी आहे ते कळलं पाहिजे.

यावरून अनेकांनी विचारलेला प्रश्न: बाइकची एअर व्हेस्ट आपल्याकडे सहज मिळते, ती चालेल का? कंपनी स्वतः घोड्यासाठी म्हणत नसेल तर नको. दोरीची लांबी, किती जोराने ओढल्यावर पिन निघेल, पिशव्या कुठे फुगतील, हे सगळं बाइकवरून पडण्याचा विचार करून ठरवलेलं असतं.

आता निवड

पहिलं, यांत्रिक की इलेक्ट्रॉनिक. इलेक्ट्रॉनिक व्हेस्टमध्ये सेन्सर तुमच्या हालचाली सतत मोजतात आणि “हा पडतोय” असं सॉफ्टवेअरला वाटलं की फुगवतात. दोरी नाही, त्यामुळे दोरीचा उशीर नाही. मोटोजीपीमध्ये २०१८पासून अशा एअरबॅग सक्तीच्या आहेत. ऐकायला भारी. पण मी सॉफ्टवेअरवाली आहे, म्हणून माझा पहिला प्रश्न वेगळा असतो: चूक झाली तर कुठल्या बाजूला? रेसट्रॅकवर बाइक कशी वळते याचा अंदाज बांधता येतो. घोडा मात्र उडी मारतो, बिचकतो, बक मारतो, आणि तुम्ही त्या सगळ्यातून न पडता बसून राहता. तेव्हा फुगली तर उगाच धडाका, पडताना नाही फुगली तर काय उपयोग? शिवाय चार्जिंग आणि अपडेट. आपल्या फोनचंच चार्जिंग आपल्याला आठवत नाही. पहिली व्हेस्ट घेणाऱ्याने यांत्रिक घ्यावी असं माझं मत. तिच्यात काय बिघडलं ते डोळ्यांनी दिसतं.

दुसरं, माप. हे ऑनलाइन टेबल बघून उरकू नका. फोम प्रोटेक्टर आधी घाला, त्यावर व्हेस्ट. फुगायला जागा हवी, पण इतकी सैल नको की पडताना वर सरकेल. फुगल्यावर श्वास घेता आला पाहिजे. शक्य असेल तर दुकानात किंवा क्लबमध्ये एकदा खरंच फुगवून बघा, एक कार्ट्रिज जाईल, जाऊ द्या. आणि व्हेस्टवरून घट्ट जॅकेट कधीच घालायचं नाही. फुगायला बाहेर जागा नसेल तर ती आत, तुमच्या छातीवर दाबेल.

तिसरं, कुठे फुगते. पाठीचा कणा, बरगड्या, मानेभोवतीची कॉलर, माकडहाड, कंबर, प्रत्येक मॉडेलमध्ये हे वेगळं असतं. फुगलेल्या व्हेस्टचा फोटो मागा, न फुगलेली सगळी सारखीच दिसतात.

चौथं, दोरी. खोगिरावर बसून उडीच्या पोझिशनमध्ये उभे राहा. दोरी ओढली जाता कामा नये. मग परत बसा. ती गुडघ्यात किंवा लगामात अडकेल इतकी लोंबता कामा नये. या दोन टोकांमध्ये जितकी आखूड ठेवता येईल तितकी ठेवा. आणि ती खोगिराच्या शोभेच्या कडीला बांधू नका, कडी उपटून येईल आणि पिन जागेवरच राहील. कंपनी जो पट्टा देते तोच, ती सांगते तिथेच.

पाचवं, कार्ट्रिज. मापानुसार त्याचा आकार ठरलेला असतो. कंपनीचंच घ्या, एकाचं दुसऱ्याला नाही. त्यावर भरलेलं वजन छापलेलं असतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून बघा, कमी भरलं तर गॅस गेलाय. तारीख बघा. पूर्ण घट्ट फिरवलंय का ते प्रत्येक वेळी बघा. घेतानाच दोन जादा कार्ट्रिज घ्या आणि सर्व्हिसिंग कुठे होतं ते विचारा. “परत पाठवावी लागेल” असं उत्तर आलं तर तो खर्चही किमतीत धरा.

सहावं,

[फट्‌!]

हा आवाज ऐकलात? मोकळ्या मैदानात फोनवर रेकॉर्ड केलाय. व्हेस्ट फुगताना हे तुमच्या कानाजवळ होतं आणि घोड्याच्या कानाजवळही. सगळ्यात जास्त वेळा होतं ते उतरताना. क्लिप न काढता माणूस उतरतो, दोरी ताणली जाते, फट्‌! शांत उभा असलेला घोडा बावचळून पळतो आणि एक पाय रिकिबीत असलेला स्वार संकटात सापडतो. म्हणून सवय लावा: बसल्यावर सर्वांत शेवटी क्लिप, उतरण्याआधी सर्वांत आधी क्लिप. रिकिबीतून पाय काढण्याच्याही आधी. आणि प्रशिक्षकांना विचारून घोड्याला हा आवाज आधी लांबून, मग हळूहळू जवळून ऐकवून घ्या.

नाशिकच्या ताईचे पन्नास हजार

युरोपातल्या दुकानांत यांत्रिक एअर व्हेस्ट साधारण ४०० ते ६०० युरोंना मिळते. इलेक्ट्रॉनिक त्याहून महाग. त्यावर शिपिंग आणि कस्टम ड्यूटी. म्हणजे तिचे सगळे पैसे एका वस्तूत संपतात आणि डोक्यावर सायकलचं हेल्मेट तसंच राहतं.

मी तिला हा क्रम सांगितला. पहिलं, घोडेस्वारीचं हेल्मेट. सायकलचं नाही, बाइकचं आयएसआयवालंही नाही. पीएएस ०१५, व्हीजी१ किंवा एएसटीएम एफ११६३ यातलं काहीतरी आत छापलेलं असावं. दुसरं, टाच असलेले बूट, म्हणजे पाय रिकिबीतून आरपार जाऊन अडकणार नाही. तिसरं, लेव्हल ३चा फोम बॉडी प्रोटेक्टर, अंगावर घालून बघून घेतलेला. चौथं, चांगल्या प्रशिक्षकांकडे जादा तास, आणि त्यातले काही पडायचं कसं, बॅलन्स कसा सांभाळायचा यासाठी. यातून पैसे उरले, किंवा पुढच्या इंटर्नशिपचे आले, तर पाचवी खरेदी एअर व्हेस्ट. आणि उड्या मोठ्या व्हायला लागल्या की ती जरूर घे, मी स्वतः फोमवर घालते.

ती म्हणाली, “पण ताई, आईला एअरबॅग हे नाव ऐकूनच धीर येतो.” हे मला समजतं. नाव मोठं आहे, व्हिडिओ भारी दिसतो. पण आईला खरा धीर द्यायचा असेल तर तिला एकदा क्लबवर घेऊन जा. हेल्मेटची पट्टी कशी लावतेस ते दाखव, प्रशिक्षकांशी बोलू दे. आणि “आज घोडा ऐकत नाहीये, आज उडी नको” असं म्हणताना तिने तुला एकदा ऐकलं, तर पुढे ती फारसं विचारणारही नाही.

झटपट प्रश्न

उन्हाळ्यात फोम असह्य होतो, नुसती एअर व्हेस्ट चालेल? मे महिन्यात पुण्यात काय होतं ते मला माहीत आहे. सकाळी साडेसहाची बॅच घ्या, मध्ये पाणी प्या, सेशन छोटं करा. उकडतं म्हणून फोम काढून फक्त हवेची व्हेस्ट घातली, तर दोरी ताणली न गेलेल्या पडण्यात अंगावर फक्त टी-शर्ट आहे असंच समजा.

सेकंड हँड घ्यावी का? हेल्मेट कधीच नाही. फोम प्रोटेक्टर, वय आणि इतिहास नक्की माहीत नसेल तर नाही. एअर व्हेस्ट, कंपनीकडून तपासून मिळत असेल तरच.

विमानात नेता येते? आंतरराष्ट्रीय नियमांत स्वतःहून फुगणाऱ्या सुरक्षा व्हेस्टला आणि ठरावीक जादा कार्ट्रिजना जागा आहे, पण एअरलाइनची आधी परवानगी लागते. ती ईमेलवर घ्या आणि प्रिंट सोबत ठेवा, काउंटरवरच्या माणसाला तोंडी समजावत बसू नका. परदेशातल्या मावशीला “येताना घेऊन ये” सांगणार असाल तर हे तिलाही आधी सांगा.

माथेरान, महाबळेश्वरला अर्धा तास घोड्यावर बसतो, तिथे काय? तिथे व्हेस्टचा प्रश्नच नको. मुलाला बसवत असाल तर नीट बसणारं हेल्मेट द्या, घोडेवाल्याला लगाम सोडू नका म्हणा, आणि सेल्फीसाठी त्याला पळवायला सांगू नका.

तर मंडळी, या आठवड्याचं काम एकच. तुम्ही किंवा ओळखीचं कुणी रायडिंग करत असेल तर त्यांच्या हेल्मेटच्या आतलं लेबल बघा आणि त्यावर काय लिहिलंय ते मला व्हॉइस नोटवर पाठवा. पुढच्या भागात फक्त हेल्मेट: ते डोक्यावर नीट बसलंय का ते कसं ओळखायचं, आणि एकदा पडल्यावर चांगलं दिसणारं हेल्मेटही का बदलायचं. तोवर काळजी घ्या, आणि उतरण्याआधी क्लिप काढा.